क्लब निवडून देणारा क्विझ: काय आवडतं ते विचारतो, काय झेपेल ते विचारतच नाही

इंटरनेटवर ‘तुमचा फुटबॉल क्लब कोणता’ हे सांगणारे क्विझ ढिगाने पडलेत. वर्ल्ड कप संपला की त्यांना ऊत येतो, कारण महिनाभर देशादेशांच्या मॅचेस बघून चटक लागलेली असते आणि मग एकदम सगळं थांबतं, आता दर आठवड्याला बघायचं तर आपलं कोणाला म्हणायचं हा प्रश्न उरतो. त्यातलाच एक क्विझ मी निवांत बसून केला, खरी उत्तरं देऊन केला, मग मुद्दाम वेगळी उत्तरं देऊनही करून बघितला. नाव लिहीत नाही, कारण साचा सगळ्यांचा सारखाच आहे आणि मला जे म्हणायचंय ते या सगळ्यांना लागू होतं.

आधी वापरायला कसा आहे ते सांगते. लॉगिन मागत नाही, ही पहिली चांगली गोष्ट. एका वेळी एक प्रश्न, खाली चार-पाच पर्याय, मागे जाऊन उत्तर बदलता येतं. अटॅकिंग खेळ आवडतो की घट्ट डिफेन्स, मोठं शहर की छोटं गाव, विकत आणलेले स्टार की अकॅडमीत वाढलेली पोरं, ट्रॉफी किती महत्त्वाची, स्टेडियममधला आवाज किती महत्त्वाचा, मालक अब्जाधीश असला तर चालेल का, आवडता रंग कोणता. शेवटी तीन क्लब येतात, प्रत्येकाचा लोगो, तीन-चार ओळी इतिहास आणि पुढची मॅच कधी आहे ते. फक्त एकाच लीगमधले क्लब हवे असतील तर तसा फिल्टर पण आहे. नुसते बार्सिलोना-रिआल-युनायटेड-लिव्हरपूल फिरवून फिरवून देत नाही, स्पेनचं बिल्बाओ येतं, जर्मनीतलं संक्ट पाउली येतं, युनियन बर्लिन येतं, म्हणजे बनवणाऱ्याने फुटबॉलवर मनापासून प्रेम केलंय हे दिसतं.

प्रश्नही मूर्ख नाहीत. लोक क्लब निवडताना जी कारणं सांगतात ती जवळपास सगळी त्यात आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. क्विझ सगळीकडे ‘तुम्हाला काय आवडतं’ हे विचारतो आणि क्लबशी नातं टिकतं ते आवडीवर टिकत नाही, ते टिकतं तुम्ही काय काय सोसून तिथेच बसून राहता त्यावर. एक एक कारण घेऊन बघू म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

खेळाडूवरून क्लब. आजच्या घडीला नव्या फॅनचं सगळ्यात मोठं कारण हेच असावं असं मला वाटतं आणि त्यात कमीपणा काहीच नाही. क्विझमध्ये ‘एखादा खेळाडू आवडतो का’ असा एक प्रश्न आहे आणि हो म्हटलं की तो आत्ता ज्या क्लबमध्ये आहे तो क्लब वर सरकतो. इथेच गडबड आहे. मेस्सी २०२१ च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोना सोडून गेला तेव्हा त्याच्यामुळे बार्सा बघणाऱ्या सगळ्यांना एका दिवसात ठरवावं लागलं की आपण नक्की कोणाचे. काही पॅरिसला गेले, मग २०२३ ला मायामीला गेले, काही जिथे होते तिथेच राहिले. रोनाल्डोचं तेच, २०१८ ला युव्हेंटस, २०२१ ला परत युनायटेड, मग सौदीतला अल नास्र, आणि दर वेळी सोशल मीडियावरची एक आख्खी फौज त्याच्या मागे निघाली. सोन ह्युंग-मिन दहा वर्षं टॉटनहॅमला होता, २०१५ ते २०२५. दक्षिण कोरियात पोरांच्या अंगावर ती पांढरी जर्सी दिसायची ती त्याच्यामुळे. २०२५ च्या मे महिन्यात बिल्बाओ शहरात झालेली युरोपा लीगची (चॅम्पियन्स लीगच्या खालोखालची युरोपातली स्पर्धा) फायनल जिंकून, १७ वर्षांनी क्लबला ट्रॉफी मिळवून देऊन, त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत तो लॉस एंजेलिसला गेला. आता त्या पोरांनी काय करायचं?

पण उलटं उदाहरण पण आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नायजेरियाचा कानू १९९९ च्या सुरुवातीला आर्सेनलला आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चेल्सीच्या मैदानावर आर्सेनल ०-२ मागे असताना शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याने तीन गोल मारले, तिसरा तर गोललाइनच्या जवळून, जिथे अँगल म्हणून काही उरलाच नव्हता तिथून. गोलकीपर एड डी गोय पुढे आला होता, कानूने त्याला आत-बाहेर हलवला आणि बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून जाळीत. त्या काळात किती नायजेरियन पोरं आर्सेनलची झाली असतील! कानू २००४ ला गेला, पोरं राहिली, आणि आता त्यांची पोरं आर्सेनलची आहेत, ज्यांनी कानूला खेळताना कधी बघितलंच नाही. मग फरक कशाने पडला? माझ्या मते फरक पडला तो एकत्र बघण्याने. एका टीव्हीसमोर दहा-वीस जण दर आठवड्याला जमत असतील तर खेळाडू गेल्यावर जमणं थांबत नाही. फोनवर एकटा बसून हायलाइट्स बघणारा मात्र हायलाइट्स जिथे जातील तिथे जातो. क्विझने ‘मॅच कोणाबरोबर बघणार’ एवढं विचारलं असतं तरी अर्धं काम झालं असतं, तो प्रश्नच नाहीये.

जिंकण्यावरून क्लब. क्विझ विचारतो ‘ट्रॉफी किती महत्त्वाची’ आणि तुम्ही ‘खूप’ म्हणालात की मँचेस्टर सिटी, रिआल, बायर्न. सरळ आहे. जिंकणाऱ्याच्या मागे जाणाऱ्याला ग्लोरी हंटर म्हणून हिणवतात, मला ते फारसं पटत नाही, कारण जिंकणाऱ्याकडे ओढ वाटणं हे सगळ्यांचंच आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांवर केलेला एक अभ्यास आहे, तिथलं फुटबॉल वेगळं पण माणसं तीच. त्यांनी बघितलं की कॉलेजची टीम शनिवारी जिंकली की सोमवारी जास्त मुलं कॉलेजच्या नावाचे कपडे घालून येतात, आणि जिंकल्यावर बोलताना ‘आपण जिंकलो’ म्हणतात, हरल्यावर ‘ते हरले’. कोणत्याही फॅन ग्रुपमध्ये मॅचनंतर डोकावून बघा, आजही तेच चालू असतं.

अडचण एवढीच की जिंकणं कोणाकडे कायम मुक्कामाला नसतं. युनायटेडचा मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसनने २०१३ ला इंग्लंडची लीग तेराव्यांदा जिंकून निवृत्ती घेतली तेव्हा युनायटेड म्हणजे ट्रॉफीची खात्री असं समजून जे आले त्यांना पुढच्या दहा वर्षांत एकही लीग दिसली नाही. आर्सेनलने २००३-०४ चा सीझन एकही मॅच न हरता काढला, ते बघून जे आर्सेनलचे झाले ते पुढची लीग बघायला वीस वर्षं थांबूनही थांबलेलेच होते. लेस्टरचं तर विचारूच नका. २०१६ ला चॅम्पियन, सीझनच्या आधी सट्टेबाजांकडे ५००० ला १ असा भाव होता, जगभर लोकांनी लेस्टर आपलं म्हटलं. २०२३ ला खालच्या डिव्हिजनला गेले, २०२४ ला वर आले, २०२५ ला परत खाली. २०१६ च्या वसंतात जे फॅन झाले त्यातले किती उरले असतील हे मला माहीत करून घ्यायला खरंच आवडेल, कारण जे उरले ते पक्के.

आणि सिटीला ‘आत्ता आत्ताचे फॅन’ म्हणून बोलणाऱ्यांनी ३० मे १९९९ ची मॅच जरूर शोधून बघावी. चारच दिवसांपूर्वी त्याच शहरातलं युनायटेड युरोपचं चॅम्पियन झालेलं, ट्रेबल, म्हणजे एकाच सीझनमध्ये तीन मोठ्या ट्रॉफी, पूर्ण झालेलं, आणि सिटी तिसऱ्या डिव्हिजनमधून वर यायला वेम्बलीत जिलिंगहॅमबरोबर खेळतंय, नव्वदाव्या मिनिटाला ०-२ मागे. लोक उठून बाहेर निघालेत. मग एक गोल, मग पंच्याण्णवाव्या मिनिटाला पॉल डिकॉव्हचा दुसरा, आणि पेनल्टीवर सिटी जिंकलं. अबू धाबीचा पैसा यायला अजून नऊ वर्षं होती. त्या दिवशी बाहेर निघालेले आणि बसून राहिलेले, दोघांनीही पुढे २०२३ चं ट्रेबल बघितलं, पण त्यांना ते कसं वाटलं असेल आणि २०२३ लाच आलेल्याला कसं वाटलं असेल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्विझ हे सांगू शकत नाही हे मान्य, पण निदान ‘हा क्लब उद्या खाली गेला तर बघाल का’ एवढं तरी विचारायला काय हरकत होती?

घरावरून आणि गावावरून क्लब. जगातल्या बहुतेक फॅन्सना निवड नावाची गोष्ट करावीच लागत नाही, वडील ज्या स्टँडमध्ये उभे राहायचे तिथे पोरगं उभं राहतं, विषय संपला. स्कॉटलंडच्या ग्लासगोत सेल्टिक की रेंजर्स हे तर धर्म आणि स्थलांतराच्या इतिहासाने आधीच ठरवून ठेवलेलं असायचं. सेल्टिकची सुरुवातच मुळी १८८७ ला आयरिश गरिबांच्या पोटाची सोय करायला पैसे उभे करण्यासाठी एका कॅथलिक धर्मबंधूने केलेली. बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिकमध्ये फक्त बास्क भागात जन्मलेले किंवा तिथे फुटबॉल शिकलेले खेळाडू खेळतात, आणि तरीही स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमधून एकदाही खाली न गेलेल्या तीन क्लबमध्ये ते आहेत, बाकीचे दोन रिआल आणि बार्सा. कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा कप, २०२४ ला जिंकायला त्यांना ४० वर्षं लागली, मधे फायनल हरण्याची मालिकाच होती, आणि जिंकल्यावर गाबारा नावाच्या बोटीतून नदीत मिरवणूक निघाली तेव्हा दोन्ही काठांवर तिथली आजी-आजोबांपासून तान्ह्या पोरांपर्यंत सगळी माणसं. बाहेरच्याने बिल्बाओ निवडावं का? क्विझ मला मुद्दाम वेगळी उत्तरं दिल्यावर तेच देत होता. मी म्हणेन जरूर निवडा, पण आपण पाहुणे आहोत एवढं लक्षात ठेवून.

घरावरून निवडण्याचा एक प्रकार क्विझवाल्यांच्या डोक्यातच येत नाही, तो म्हणजे घरातल्याच्या विरुद्ध निवडणं. माझा दादा लिव्हरपूलचा. २००५ ची इस्तंबूलची फायनल, ०-३ वरून परत येऊन मिलानला हरवलं ती, त्याने इतक्या वेळा सांगितलीय की मला स्वतः स्टेडियममध्ये असल्यासारखी पाठ आहे. मला त्याच्याच टीमचं व्हायचं नव्हतं, भांडायला समोर काहीतरी हवं होतं, म्हणून मी त्याच शहरातलं दुसरं घेतलं, एव्हर्टन. त्यात टिम केहिल आवडायला लागला. उंची फार नाही, पण हवेत असा काही थांबायचा की त्याच्यापेक्षा हातभर उंच सेंटर बॅक खाली राहायचे आणि हेडर ह्याचा, मग पळत जाऊन कॉर्नरच्या झेंड्याला बॉक्सिंग. दादाच्या टीमविरुद्ध गोल मारला की मी तेच घरात करायचे.

केहिल २०१२ ला गेला. एव्हर्टनची शेवटची मोठी ट्रॉफी १९९५ ची, एफए कप. त्यानंतर मी काय बघितलं तर २०२२ च्या मेमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ०-२ वरून ३-२ करून खालच्या डिव्हिजनला जाण्यापासून जीव वाचवला, २०२३ ला शेवटच्या दिवशी डुकुरेच्या एका गोलवर वाचलो, २०२३-२४ ला आधी १० पॉइंट कापले, अपीलमध्ये ते ६ झाले, मग अजून २ कापले, तरी वाचलो. १८ मे २०२५ ला आमच्या गुडिसन पार्कवर पुरुषांची शेवटची मॅच झाली, १८९२ पासूनचं ते मैदान, सदम्प्टनला २-० हरवलं आणि मॅच संपल्यावरही लोक जागचे हलेनात. मी दूर बसून बघत होते आणि रडत होते. क्विझच्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर मला एव्हर्टनकडे नेत नाही, मी खरी उत्तरं दिली तर डॉर्टमंड येतं. डॉर्टमंड सुंदरच आहे, दक्षिणेच्या स्टँडमध्ये जवळपास २५,००० माणसं उभी राहून ओरडतात ती पिवळी भिंत बघितली की कोणालाही वाटेल आपण पण तिथे असावं. पण माझा क्लब एव्हर्टन आहे आणि तो दादामुळे आहे, आणि भांडण हे कारण म्हणून आवडीपेक्षा जास्त टिकलं.

आता गोष्टीवरून क्लब, म्हणजे क्लबची कहाणी, तत्त्वं, मालकी वगैरे. इथे क्विझ सगळ्यात चांगला आहे. माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीने २०२२ ची वर्ल्ड कप फायनल बघितली, अर्जेंटिना-फ्रान्स ३-३, पेनल्टी, आणि तेव्हापासून तिला फुटबॉल हवं होतं. तिने हाच क्विझ केला आणि तिला आलं युनियन बर्लिन, ज्याचं नावही तिने ऐकलं नव्हतं. रिझल्टच्या पानावर लिहिलं होतं की या क्लबचं स्टेडियम फॅन्सनी स्वतः बांधलंय. खरंय ते. २००८ ला स्टेडियम मोडकळीला आलेलं, पैसे नाहीत, तेव्हा दोन हजारांहून जास्त फॅन्स येऊन राबले, कोणी काँक्रीट ओतलं, कोणी पायऱ्या बांधल्या, सगळे मिळून १,४०,००० तास. त्याआधी २००४ ला लीगमध्ये खेळायच्या लायसन्ससाठी पैसे कमी पडत होते तर फॅन्सनी रक्तदान करून त्याचे मिळालेले पैसे क्लबला दिले. तिने हे वाचलं आणि म्हणाली, बस, हेच.

तिचं पहिलं वर्ष मजेत गेलं, युनियन त्या सीझनला चौथे आले आणि इतिहासात पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगमध्ये पोचले. मग २०२३ चा सप्टेंबर. पहिली मॅच माद्रिदला, रिआलला नव्वद मिनिटं रोखून धरलं आणि चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला त्यांच्या बेलिंगहॅमने गोल मारला. दोन आठवड्यांनी ब्रागाविरुद्ध २-० पुढे होते, ३-२ हरले, तो शेवटचा गोल पण चौऱ्याण्णवाव्याच मिनिटाला. त्या दिवसांत हरण्याची नुसती रांग लागली होती, ज्या कोच उर्स फिशरने त्यांना वर आणलं त्यालाही नोव्हेंबरमध्ये जावं लागलं. ती मला रोज विचारायची, असं किती दिवस चालतं गं? मी एव्हर्टनवाली, मी काय सांगणार, मी म्हटलं बघत राहा. सीझनच्या शेवटच्या दिवशी फ्रायबुर्गविरुद्ध १-१, स्टॉपेज टाइममध्ये पेनल्टी मिळाली, फोलांडने मारली, अडवली, आणि परत आलेला बॉल हाबेररने आत ढकलला. वाचले. तिचा फोन आला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. माझ्या दृष्टीने ती त्या दिवशी युनियनची फॅन झाली, क्विझ केला त्या दिवशी नाही. पण क्विझने तिला तिथवर आणलं आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

तत्त्वांवरून येणाऱ्यांना क्विझ संक्ट पाउली देतो, हॅम्बुर्गचा कवटीच्या झेंड्याचा क्लब, ज्यांनी उजव्या राष्ट्रवादी घोषणा आणि चिन्हांना आपल्या स्टेडियममध्ये बंदी घातली. छान निवड आहे, फक्त रिझल्टमध्ये खेळाबद्दल पण थोडं लिहा ना, की हा क्लब २०२४ ला बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, परत आला आणि तिथे टिकायला झुंजावं लागलं. मतं आवडली म्हणून हुडी घेतली आणि टेबलात कितवे आहेत ते माहीत नाही असं होऊ नये, कारण मैदानावरची ती अकरा पोरं दर आठवड्याला त्याच झेंड्याखाली पळतात, त्यांचंही काही आहे की नाही?

मालकाचा प्रश्न क्विझने घातला हे मला फार आवडलं. जर्मनीत ५०+१ चा नियम आहे, म्हणजे काही अपवाद सोडले तर मतांचा मोठा वाटा क्लबच्या सभासदांकडेच राहतो. २०२४ च्या सुरुवातीला लीग बाहेरच्या गुंतवणूकदाराशी करार करत होती तेव्हा फॅन्सनी मैदानात टेनिस बॉल फेकून मॅचेस थांबवल्या आणि लीगने तो विषय सोडून दिला. इंग्लंडमध्ये हे असं नाही. २००२ ला विम्बल्डनचा क्लब उचलून साधारण ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली, तर फॅन्सनी नवीनच क्लब काढला, एएफसी विम्बल्डन, मोकळ्या मैदानावर ट्रायल घेऊन खेळाडू निवडले, नवव्या पायरीपासून सुरुवात केली, २०११ ला फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार डिव्हिजनमध्ये, पोचले आणि २०२० ला प्लॉ लेनला, आपल्या जुन्या रस्त्यावर, परत आले. आणि बरी नावाचा १८८५ चा क्लब २०१९ च्या ऑगस्टमध्ये मालकाच्या पैशांच्या घोळामुळे लीगमधून काढलाच गेला. रेक्सहॅमला उलट झालं, २०२१ ला दोन नट मालक झाले, कॅमेरे आले आणि लागोपाठ तीन प्रमोशन मिळाली, जगभरातून फॅन आले. म्हणजे मालक हा विषय नव्या फॅनला फालतू वाटतो पण क्लब राहणार की नाही इथपर्यंत तो जातो. क्विझमध्ये ‘अब्जाधीश चालेल का’ ला हो किंवा नाही एवढंच आहे, त्याऐवजी ‘क्लबमध्ये फॅन्सना मत असावं का’ असं विचारलं तर जास्त नेमकं होईल.

रंगाचा प्रश्न काढून टाका. हसण्यावारी म्हणून ठीक, पण त्याने रिझल्ट फिरतो. मी बाकी सगळी उत्तरं तीच ठेवून नुसता रंग बदलला तर पहिला क्लब बदलला, हे बरोबर नाही.

एक अगदी व्यवहारातली गोष्ट राहिली, मॅचची वेळ. क्लब दुसऱ्या खंडात असेल तर त्याची दुपार तुमची मध्यरात्र असू शकते, आणि ज्याच्या मॅचेस तुम्ही जागे असताना येतच नाहीत त्या क्लबशी नातं जुळायला फार कठीण जातं. क्विझला तुमचा टाइम झोन तसाही कळतो, पुढच्या मॅचची वेळ त्याच हिशोबाने दाखवतोय, मग निवड करताना तो वापरत का नाही? आणि त्या मॅचेस तुमच्याकडे कुठे दिसतात, दिसतात तरी का, हे पण हवं. महिला टीमचा तर उल्लेखच नाही कुठे, आजच्या काळात हे खटकतं, कितीतरी जणी आर्सेनल किंवा बार्साच्या महिला टीममुळे त्या क्लबच्या झाल्यात.

एकंदरीत पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा स्टार खास रिझल्टच्या पानावरच्या त्या तीन-चार ओळींना, ज्याने लिहिल्यात त्याला कळतं की माणूस कशावर भाळतो. ज्यांच्या घरात, मित्रांत, कोणीच फुटबॉल बघत नाही त्यांनी हा क्विझ जरूर करावा, तीन नावं येतील, त्यातलं वरचंच घेतलं पाहिजे असं काही नाही, तिन्ही क्लबच्या पुढच्या दोन-तीन मॅचेस पूर्ण बघा, हायलाइट्स नकोत, कंटाळवाण्या ०-० पण बघा. ज्याच्या ०-० मध्ये तुम्ही चॅनेल बदलला नाहीत तो घ्या. आणि घरात कोणी आधीच कुठल्या क्लबचं असेल तर क्विझ राहू दे, त्यांच्या शेजारी जाऊन बसा, त्यांची टीम घ्या नाहीतर त्यांच्या विरुद्धची घ्या. बनवणाऱ्यांनी हे वाचलं तर एवढंच करा, रंगाच्या जागी ‘मॅच कोणाबरोबर बघणार’ हा प्रश्न टाका आणि ट्रॉफीच्या प्रश्नाखाली ‘टीम खाली गेली तर?’ हा एक जोडा, मी परत येऊन करेन आणि दादालाही करायला लावेन, बघू त्याला काय येतं ते.